तूप परत आलं, म्हणून पळी उपडी करू नका

कागलकडचे एक काका गेल्या वर्षी माझ्याकडे आले ते प्लास्टिकची पिशवी घेऊन. रिपोर्ट असतील असं वाटलं. निघाली वर्तमानपत्रांची कात्रणं. अंडी खा, अंडी नको, तूप विष, तूप अमृत, गहू सोडा, भात सोडा, रात्री सातनंतर पाणीच प्या. सगळी कात्रणं टेबलावर पत्त्यांसारखी मांडून काका म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र दर पाच वर्सांनी पलटी मारतंय. आता एकदाच काय ते फायनल सांगा."

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत बसून मी चोवीस वर्षं लोकांना काय खायचं ते सांगायचं काम करते. शास्त्र बदलतं याचा मला त्रास होत नाही, बदललं नसतं तर मी अजून जुनाच तक्ता वाटत बसले असते. त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एक बातमी येते, लोक फडताळातला डबा बदलतात आणि चमचा मात्र पूर्वीचाच ठेवतात. बरेचदा चमच्याची पळी होते. त्याच त्या चुका पाहून आता तोंडपाठ झाल्यात, म्हणून एकदा लिहून टाकते.

बंदी उठली म्हणजे सूट मिळाली, असं धरून चालणं

हा माझा सगळ्यांत नावडता प्रकार. पण सुरुवात स्वतःच्या पापापासून करते. दवाखाना उघडला तेव्हा माझ्याकडे एकच छापील तक्ता होता, कॉलेजच्या वहीतून उतरवलेला. त्यात 'तूप-लोणी वर्ज्य' असं ठळक अक्षरांत होतं, आणि पर्याय म्हणून 'वनस्पतीजन्य स्निग्ध पदार्थ'. मला म्हणायचं होतं शेंगतेल, करडईचं तेल. माझ्या मामीनं वाचलं वनस्पती तूप. त्या दिवाळीला तिनं चिरोटे, शंकरपाळ्या, सगळं वनस्पती तुपात तळलं आणि फराळाचं ताट पुढं करून कौतुकानं म्हणाली, "तुझ्या तक्त्यापरमाणं केलंय गं सगळं." मीही ते मिटक्या मारत खाल्लं.

पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते तुपासारखं थिजवायची युक्ती जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पेटंट केली. स्वस्त, पांढरंशुभ्र, महिनोन्महिने न खवटणारं. आणि मूळ वनस्पतीचं, म्हणजे हृदयाला चांगलंच असणार, असा बऱ्याच वर्षांचा समज. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की अर्धवट हायड्रोजन घातलेल्या तेलात जी ट्रान्स चरबी तयार होते ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलंही कमी करते. साजूक तुपानं निदान हे दुसरं काम केलं नव्हतं. डेन्मार्कनं २००३ मध्ये त्यावर कायद्यानं मर्यादा आणली. आपल्याकडे तेला-तुपातली ट्रान्स चरबी दोन टक्क्यांवर आणणारा नियम लागू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या बत्तीस वर्षांतल्या दिवाळ्या मोजा.

तर तूप निर्दोष सुटलं का? इथंच लोक घसरतात. २०१४ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकानं मुखपृष्ठावर लोण्याचा गोळा छापला आणि लोणी खा म्हणून सांगितलं. ती हवा फिरत फिरत आपल्या व्हॉट्सॲपवर आली तोवर तिचं अमृत झालं होतं. आमच्या काकांना पुण्यातल्या पुतण्यानं सांगितलं की सकाळी काळ्या कॉफीत दोन चमचे तूप घातलं की चरबी वितळते. काकांनी चमचा घेतला तो आमटी वाढायचा. दुपारी भाकरीवर वेगळं, रात्री दुधात वेगळं. चार महिन्यांत त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२१ वरून १८७ वर गेलं. वर मलाच विचारतात, "घरच्या म्हशीचं हाय की वो मॅडम, त्येला कसलं कोलेस्टेरॉल?"

म्हशीला हे कळवायची सोय नाही.

झालं होतं ते असं. अमेरिकेत लोकांनी लोणी कमी केलं आणि त्या जागी काय आणलं? 'फॅट-फ्री' लिहिलेली बिस्किटं, गोड दही, पाव. म्हणजे मैदा आणि साखर. त्यानं हृदयविकार काही घटले नाहीत. ज्यांनी लोण्याच्या जागी तेलं, दाणे, मासे आणले त्यांना फायदा झाला. म्हणून बातमीत 'अमुक सोडलं' असं दिसलं की मी पहिला प्रश्न विचारते, त्याच्या जागी काय आलं? तो प्रश्न न विचारता वाचलेली आहाराची बातमी रद्दीत घाला. जागतिक आरोग्य संघटना आजही म्हणते की संपृक्त चरबी, म्हणजे तूप-लोण्यात भरपूर असते ती, दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. दोन हजार कॅलरीच्या जेवणात ती बावीस ग्रॅम होते. पोहे खायच्या मोठ्या चमच्यात चौदा-पंधरा ग्रॅम तूप बसतं आणि त्यातलं नऊएक ग्रॅम संपृक्त असतं. अडीच चमच्यांत दिवसाचा कोटा संपला, दूध-मटण अजून मोजलेलंच नाही.

माझी सवय सांगते. मी तूप पातेल्यात कधी घालत नाही, पानावर वाढते. पातेल्यातलं कुणाच्या वाट्याला किती गेलं ते देवाला ठाऊक. पानावर वाढलेलं डोळ्यांना दिसतं, वासही येतो आणि छोट्या चमच्यात मन भरतं.

पिवळा बलक टाकून देणं

अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९६८ मध्ये आठवड्याला तीनच बलक म्हणून सांगितलं होतं. अमेरिकेच्या २०१५ सालच्या सरकारी आहारसूत्रांतून रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा गेली. ज्याला मधुमेह किंवा हृदयाचा त्रास नाही त्यानं रोज एक अख्खं अंडं खावं आणि विषय सोडावा. सहा अंड्यांचं पांढरं खाऊन बलक बेसिनमध्ये ओतणारी पोरं बघितली की माझा जीव तळमळतो.

"साखर केव्हाच सोडली, आता गूळ"

या बाबतीत कोल्हापुरात तोंड उघडायचं म्हणजे घरच्या देवावर शंका घेण्यासारखं. आपला गूळ भौगोलिक मानांकनाचा, पंचगंगेच्या पाण्याचा, मार्केट यार्डातल्या सौद्यात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, फोडून चाखून घेतला जाणारा. मलाही तो आवडतो. चुलवाणावरच्या काहिलीतून गरम काकवी वाटीत घेऊन मी लहानपणी जीभ पोळून घेतलीय. पण गूळ उसाच्या रसाचा होतो आणि साखरही उसाच्याच रसाची होते. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, शंभर ग्रॅम गुळात साडेतीनशे ते पावणेचारशे. फरक तेवढाच, आणि चहात साखरेपेक्षा गूळ जास्त लागतो म्हणून तोही भरून निघतो.

शाहूपुरीतल्या एक वहिनी माझ्याकडे दोन वर्षं यायच्या. मधुमेह आटोक्यात, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४. मग गुळाच्या चहाच्या टपऱ्या कोपऱ्याकोपऱ्यावर निघाल्या, त्या काळात त्या येईनाशा झाल्या. आल्या तेव्हा आकडा ९.१. मी गोळ्या विचारल्या, वेळेवर. चालणं विचारलं, रंकाळ्याला रोज एक फेरी. साखर? "साखरेचा डबाच नाही घरात, मॅडम. शप्पथ." शप्पथ खरी होती. सकाळी गुळाचा चहा दोनदा, दुपारी जेवणावर गुळाचा खडा, 'पचनाला', चारला पुन्हा चहा, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. दिवसाला ऐंशी ग्रॅमच्या पुढं हिशेब गेला. साखर होती तेव्हा त्यांना धाक होता, अर्धा चमचा घेताना हात थरथरायचा. गूळ आला आणि धाक गेला. शास्त्रानं त्यांचं नुकसान केलं नाही, धाक जाण्यानं केलं.

"पण गुळात लोह असतं ना?" असतं. दहा ग्रॅमच्या खड्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. गुळातून ते मिळवायचं ठरवलं तर लोहाच्या आधी दुसरंच काहीतरी होईल.

आणि पिवळाधमक गूळ शोधू नका. रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस वापरायची जुनी पद्धत आहे. तिच्यानं गूळ तांबूस-काळपट होतो. गिऱ्हाइकाला उजळ रंग हवा म्हणून हायड्रॉस ही रंग उडवणारी रसायनाची पावडर टाकतात. यात गुळव्यापेक्षा मी गिऱ्हाइकाला जास्त दोष देते. बाजारात काळा रवा मागं पडतो कारण आपणच त्याच्याकडं बघून नाक मुरडतो. मी काळाच घेते, आणि महिन्याला अर्धा किलोच घेते.

"शास्त्र सारखं बदलतं, मग ऐकायचंच कशाला?"

हे वाक्य पिशवीवाल्या काकांचं, पण दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच. सगळं शास्त्र सारखं बदलत नाही. ज्या रोगांचं कारण एकाच गोष्टीचा अभाव होतं, तिथं शंभर वर्षांपूर्वी लागलेला शोध आजही तसाच उभा आहे.

१८९० च्या आसपासची गोष्ट. आजच्या जाकार्तात, तेव्हाच्या बटाव्हियात, ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा जंतू शोधत होते. त्यांच्या कोंबड्या अचानक माना टाकू लागल्या, पाय लुळे. आणि तशाच अचानक बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात मिळत होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं साफ सांगितलं, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. एका नियमबाज आचाऱ्याच्या कृपेनं जगाला समजलं की तांदळाच्या कोंड्यात जगायला लागणारं काहीतरी असतं. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं. त्या कोंड्याबद्दलचं मत त्यानंतर कुणी फिरवलेलं नाही.

फिरतं ते दुसरं शास्त्र. वीस-तीस वर्षांनी होणारा हृदयविकार, कर्करोग, मधुमेह. तिथं एक पदार्थ आणि एक रोग अशी गाठ मारता येत नाही. हजारो लोकांना विचारावं लागतं की गेल्या वर्षी काय काय खाल्लंत. माणूस काय सांगतो ते मला विचारा. मी विचारते, मटण किती वेळा? "आठवड्यातनं एकदा, रविवारी." मग मी कॅलेंडर घेऊन बसते. बुधवारी मित्राच्या मळ्यात पार्टी. पाहुण्यांकडं जावळाचं जेवण. गावची म्हाई. भाचा पास झाला. महिन्याचे चार वार मोजता मोजता अकरा होतात. कुणी खोटं बोलत नाही हो. रविवारचं मटण त्यांच्या लेखी मटण असतं, बाकीचं 'असंच गेलो होतो' असतं. असल्या उत्तरांवर आकडे उभे राहतात, मग ते थोडे डळमळणारच.

प्रयोग केला तरी गोंधळ होतात. स्पेनमध्ये ऑलिव्ह तेल आणि सुकामेव्यावर ७,४४७ लोकांचा मोठा प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला, जगभर गाजला. नंतर लक्षात आलं की एका ठिकाणी माणसांची चिठ्ठी काढून वाटणी करायची सोडून अख्ख्या गावाला एकच आहार दिला होता. २०१८ मध्ये लेख मागं घेतला, हिशेब नव्यानं मांडला, जरा सबुरीच्या भाषेत पुन्हा छापला. असं खाणं हृदयाला फायद्याचं, हा निष्कर्ष साधारण तोच राहिला. काकांच्या पिशवीत यातलं 'मागं घेतला' एवढंच कात्रण होतं. मला विचाराल तर असं चारचौघांत चूक कबूल करणाऱ्यांवर माझा विश्वास वाढतो. स्वतःचं मत कधीच न बदलणारा वैद्य, डॉक्टर, किंवा यूट्यूबवरचा गुरू मला जास्त भीतीदायक वाटतो.

टक्क्याला घाबरणं

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच यादीत टाकलं. ताबडतोब एका कॉलेजच्या पोरानं घरी आजोबांचा रविवारचा पांढरा रस्सा बंद करायला लावला. आजोबा रुसून माझ्याकडं आले. ती यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रोज पन्नास ग्रॅम सॉसेज-सलामी खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं ते होतं. समजा शंभरातल्या पाच जणांना तो होणार असेल तर पाचाचे सहा होतील. वाढ खरी आहे. सिगरेटची बरोबरी मात्र नाही. शिवाय साधं मटण खालच्या गटात, 'बहुधा' या शेऱ्यासह. आजोबांना मी रविवार परत दिला, वाटीचं माप ठरवून आणि वर कटाची तर्री काढून ठेवून. नातू पिझ्झ्यावर सॉसेज घालून खातो असं नंतर कळलं.

तालमीचा खुराक, जिमचा डबा

जिमला लागून तिसऱ्या दिवशी प्रोटीन पावडरचा डबा घेणाऱ्या पोरांवर मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. जमत नाही.

शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासूनच्या पैलवानांचा खुराक सगळ्यांना पाठ असतो. बदामाची थंडाई, शेरांनी दूध, तूप. त्याआधी पहाटे उठून मारलेले जोर आणि हजार-हजार बैठका कुणाला पाठ नसतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला संपवून बुलेटला किक मारणारा गडी पैलवानाचा खुराक घेतोय असं मनात धरतो. पेला तोच असेल, पण मागचे जोर कुठायत?

प्रथिनांचा हा गाजावाजा पहिल्यांदा होत नाहीये. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीच जगावर प्रथिनांचं संकट येतंय असा इशारा दिला होता. गरीब देशांतल्या पोरांना प्रथिनांच्या पुड्या वाटायच्या योजना निघाल्या. त्याला आकड्यांनी उत्तर देणारा माणूस आपल्या शेजारचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जवळजवळ वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं की भारतात ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांना बहुतेक वेळा पोटभर अन्नच कमी पडतं. नेहमीची भाकरी-डाळ पोटभर मिळाली की प्रथिनं मागोमाग येतात. पुढं जगाला ते बऱ्याच अंशी मान्य करावं लागलं.

आता उलट स्थिती. पोट भरलंय, पण वडापावानं. म्हणून आज प्रथिनांकडं बघायला मीही सांगते. फक्त माप बघा. वजनाच्या दर किलोला पाऊण ग्रॅमच्या थोडं वर, शिफारस ०.८३ ची. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरीत आठ, दोन वाट्या घट्ट डाळीत चौदा, ग्लासभर दुधात आठ, दोन अंड्यांत बारा. बेचाळीस झाले, अजून शेंगदाण्याची चटणी, दही आणि मोडाची मटकी ताटात यायची आहे. मेहनत दुप्पट असेल तर डाळ-अंडी वाढवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितलंय. पोरं म्हणतात, मॅडम, डाळ शिजवायला टाइम लागतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांएवढीही ज्याला सबुरी नाही त्याचा दंड सहा आठवड्यांत कसा भरणार, हे मला खरंच कळत नाही.

सैंधव

गुलाबी दगडी मीठ आणताना पुड्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का ते बघा. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन गलगंड घटतो हे दाखवून दिलं, तेव्हा कुठं देशभर तसं मीठ आलं. घरात गरोदर सून असताना सासूबाई आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव आणतात, 'शुद्ध' म्हणून. कुठलंही आणा, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि लोणचं-पापड त्यातच धरा.

परदेशी आकडा जसाच्या तसा लावणं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी ब्रिटिश माणसाची ९ टक्के, याज्ञिकांची २१. आपण हाडकुळे दिसतो आणि आतून चरबी धरून असतो. म्हणून आपल्याला जाडीची रेघ पंचविसावर, तेविसापासूनच सावध. मी तर वजनकाट्याआधी शिंप्याची टेप काढते. कंबर पुरुषाची नव्वद सेंटिमीटरच्या आत, बाईची ऐंशीच्या. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली असते.

मल्टिग्रेन

घटक पुड्यावर वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. पहिलं नाव मैदा असेल तर नाचणीचं चित्र बघत बसू नका.

"आमची आजी हेच खाऊन नव्वद वर्षं जगली"

आजीची भावंडं किती होती आणि त्यातली किती मोठी झाली, हेही विचारा. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. लहानपणी दगावणाऱ्या पोरांमुळं ते इतकं खाली होतं हे खरं, पण जगलेल्या आजीवरून आहार ठरवणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला विचारून धंदा करण्यासारखं.

माझी आई जतकडची. तिच्या घरी जोंधळ्याची भाकरी रोजची, चपाती पाहुणा आला तर, भात सणाला. तूप दिवाळीला. बाहत्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर सुकडी आणि रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. तो मिलो खाल्लेली माणसं आज ज्वारीचं कौतुक ऐकून हसतात. आपलं ताट शास्त्रज्ञांनी सांगून फारसं बदललेलंच नाही. धरणाचं पाणी आलं, ऊस आला, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला, जोंधळा शेतातून आणि मग ताटातून गेला. पामतेल स्वस्तात आलं, तळण रोजचं झालं. आता इन्स्टाग्रामवर नाचणी परत आलीय, चांगलंच आहे, तिच्यातलं कॅल्शियम गव्हा-तांदळाच्या कितीतरी पट असतं. पण नाचणीच्या सत्त्वाची पातळ खीर गूळ घालून प्याली तर मधुमेह्याची साखर उडी मारतेच. ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला मिळते तशी ताकातली आंबील करा की.

आजीच्या ताटातलं तूप सगळ्यांना आठवतं, जातं कुणालाच आठवत नाही.

पाच गोष्टी एकदम बदलणं

सोमवारपासून गहू बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, ग्रीन टी सुरू, जिम सुरू. बुधवारी फोन येतो, "मॅडम, फरक दिसेना." रक्तातली सरासरी साखर तीन महिन्यांचं चित्र दाखवते, कोलेस्टेरॉलला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्यात दोन नव्या बातम्या येऊन गेलेल्या असतात आणि कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. माझा नियम, एका वेळी एकच बदल, तीन महिने.

आणि कॅलरी मोजायचं ॲप मला देऊ नका. मला वाणसामानाचं बिल द्या. जेवणाबद्दल माणूस विसरतो, दुकानदार विसरत नाही. महिन्याला तेलाचा पाच लिटरचा कॅन आणि घरात माणसं चार. एकशेवीसनं भागा, माणशी रोज अडतीस ग्रॅम तेल. बैठं काम करणाऱ्याला पंचवीस-तीस पुष्कळ झालं. दोन किलो साखर आणि तीन किलो गूळ, तोच भागाकार, रोज जवळजवळ बेचाळीस ग्रॅम. पन्नासच्या वर जायचं नाही, पंचविसाशी असलात तर उत्तम. बाहेरचं खाणं यात धरलेलं नाही, तरी एवढ्यावरही मला घराची कुंडली दिसते. तीन महिन्यांची बिलं समोर ठेवली की कात्रणांची पिशवी लोक आपणहून खाली ठेवतात.

काकांनीही ठेवली. तीन महिन्यांनी आले ते बिलं टाचणीनं लावून, शिस्तीत. कॉफीतलं तूप बंद, भाकरीवर एक छोटा चमचा. एलडीएल १३२. तेल पाच लिटरचं साडेतीनवर आलेलं. साखर अर्धा किलो. मी खूश होऊन शाबासकी द्यायला लागले. मग सहज बघितलं तर तिन्ही बिलांत गूळ कुठंच नाही, आणि उपाशीपोटीची साखर मागच्यापेक्षा जास्त.

"काका, गूळ सोडला म्हणायचा?"

काका जरा हलले खुर्चीत. "सोडलाय कशाचा वो. घरचं गुऱ्हाळ हाय, माळ्यावर रवे पडल्यात. त्येचं बिल कोण देतंय?"

चोवीस वर्षं ज्या बिलाच्या जिवावर मी मिरवते त्याला एवढं मोठं भोक आहे हे मला त्या दिवशी समजलं. आता ऊसवाल्या घरांसाठी वेगळी वही केलीय. एक तारखेला रवा काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा, पुढच्या एक तारखेला पुन्हा. काकूंना फोनवर समजावलं तर त्या म्हणाल्या, "वजन करतो की, मॅडम. पर त्यो यातलाच येक रवा दर म्हैन्याला पुतण्याकडं पुण्याला धाडत्यात, त्यो कुठं लिवायचा?"